स्वयंपाकघरातला फुगा

यंदाच्या हळदीकुंकवाला आमच्या महिला मंडळात एक तरुण डॉक्टरबाई बोलायला आल्या होत्या. विषय होता बायकांचं हृदय. बोलता बोलता त्यांनी पडद्यावर एका माणसाचा फोटो दाखवला. भरघोस मिशा, हसरे डोळे. हा तर सिनेमातला नट वाटतो, असं मागून कुणीतरी पुटपुटलं. डॉक्टरबाई म्हणाल्या की हृदयाच्या रक्तवाहिनीत फुगा घालून ती उघडायची युक्ती याची, आणि तो फुगा त्याने स्वतःच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवला. सगळ्याजणी खुदकन हसल्या. मला मात्र हसू आलं नाही, कारण माझ्या शेजारी वन्स बसल्या होत्या.

वन्स म्हणजे माझी थोरली नणंद. २०१४ साली त्यांना जिना चढताना दम लागायला लागला, जबडा दुखायचा. आम्ही दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा जाऊन आलो! शेवटी अँजिओग्राफी झाली, तर हृदयाच्या तिन्ही मुख्य रक्तवाहिन्यांत अडथळे. त्यात बारा वर्षांची शुगर. तिथल्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं, की यांना बायपास जास्त बरी. फुगा आणि स्टेंटही करता येईल, पण पुन्हा यावं लागण्याची शक्यता मोठी. मग बाहेरच्या बाकावर घरातल्यांची बैठक बसली. बायपास म्हणजे छाती उघडणार, पुढे दोन-तीन महिने विश्रांती. त्यांच्या मुलाचं लग्न दीड महिन्यावर आलेलं, घरात दुसरी करणारी बाई नाही. फुगा म्हणजे तिसऱ्या दिवशी घरी. वन्सना आत जाऊन कुणीही विचारलं नाही. आणि खरं सांगते मैत्रिणींनो, फुगाच करा म्हणून सगळ्यात जास्त आग्रह धरणारी मीच होते. समाजकार्य करते ना, चार दवाखाने फिरलेली, माझ्या शब्दाला घरात वजन!

दोन वर्षांत वन्स पुन्हा तिथेच. एक स्टेंट आतून भरत आलेला, दुसरीकडे नवे अडथळे. मधे एक झटका येऊन गेला, त्यात हृदयाचा एक भाग कायमचा अशक्त झाला. शेवटी बायपास करावीच लागली.

त्या मिशाळ माणसाचं नाव लिहून घेतलं आणि मुलाच्या मदतीने मिळेल ते वाचत सुटले. मी बी. ए., इतिहास घेऊन. शास्त्राचा गंध नाही. पण मला एकच जाणून घ्यायचं होतं, त्या दिवशी बाकावर हा माणूस असता तर त्याने आमच्या बाजूने कौल दिला असता का?

त्याचं नाव आंद्रिआस ग्रुंट्झिग. जीभ वळत नाही, म्हणून आपण आंद्रिआसच म्हणू. जन्म २५ जून १९३९, जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात. दोनच महिन्यांनी महायुद्ध सुरू झालं. वडील त्यात हरवले ते परत आलेच नाहीत. आईने दोन मुलांना घेऊन नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढले. १९५० साली हे कुटुंब पार अर्जेंटिनाला गेलं, तिथे मन रमलं नाही, म्हणून परत लाइपझिगला आलं. ते तेव्हा पूर्व जर्मनीत, साम्यवादी राजवटीखाली. शाळेत पोरगा हुशार. शाळा संपल्यावर तो पश्चिम जर्मनीत हायडेलबर्गला निघून आला आणि १९६४ साली तिथूनच डॉक्टर झाला. थोरला भाऊही डॉक्टरच.

त्याच वर्षी अमेरिकेत पोर्टलंडला एक गोष्ट घडली होती. ८२ वर्षांच्या एका आजींचा पाय सडत चालला होता. पाय कापायला लागेल असं सगळे सांगत होते आणि आजी काही केल्या तयार होत नव्हत्या. चार्ल्स डॉटर नावाच्या क्ष-किरण डॉक्टरने १६ जानेवारी १९६४ रोजी त्यांच्या मांडीच्या बुजलेल्या धमनीतून एकापेक्षा एक जाड नळ्या सरकवल्या आणि वाट मोकळी केली. पाय वाचला. पुढे आजी शेवटपर्यंत स्वतःच्या पायांनी चालल्या. पण अमेरिकेतल्या बहुतेक डॉक्टरांनी डॉटरला वेड्यातच काढलं. जर्मनीतल्या काहीजणांनी मात्र ती पद्धत उचलली.

आंद्रिआसने तरुणपणी डार्मश्टाटला पायाच्या रक्तवाहिन्यांच्या दवाखान्यात काम केलं. तिथल्या एका पेशंटने त्याला विचारलं म्हणे, की नळ दुरुस्त करणारा प्लंबर जसा पाइप साफ करतो तशी माझी शीर साफ नाही का करता येणार? हसून सोडून द्यावा असा प्रश्न. याच्या तो डोक्यात बसला. १९६९ साली तो स्वित्झर्लंडमध्ये झुरिचच्या विद्यापीठ रुग्णालयात आला, डॉटरची पद्धत शिकला आणि तिच्यातली खोट त्याच्या ध्यानात आली. जाड नळी घालायची तर भोकही तेवढंच मोठं पाडावं लागतं. त्यापेक्षा बारीक नळी आत न्यावी आणि जागेवर पोचल्यावर तिनेच फुगावं, असं त्याच्या मनात आलं.

आता फुगा काय, कुणीही करेल, असं वाटेल. आपण लहानपणी फुग्याला मधे दोरा बांधून फुगवायचो, आठवतं? दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना तो टरारून फुगतो आणि दोऱ्याच्या जागी तसाच आवळलेला राहतो. रबरी फुग्याचं रक्तवाहिनीत नेमकं हेच होतं. जिथे अडथळा तिथे तो दबतो आणि जिथे वाहिनी धडधाकट तिथे फुगून तिलाच इजा करतो. त्याला हवा होता ठरावीक मापापर्यंतच फुगणारा, काकडीच्या आकाराचा, कडक फुगा. असा फुगा बाजारात कुठेच मिळत नव्हता. रुग्णालयात प्रयोगाला जागाही नाही आणि पैसाही नाही.

मग सुरू झाला घरचा उद्योग. दिवसभर ड्यूटी करून संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नळ्या, दोरे, पाती, गोंद अशा सगळ्याचा पसारा मांडायचा. बसायला चौघं. आंद्रिआस, त्याची बायको मिखाएला, त्याची सहायक मारिया श्लुम्फ आणि मारियाचा नवरा वॉल्टर. झुरिचमधल्या एका निवृत्त रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने, हाइनरिश हॉप्फ त्यांचं नाव, त्याला पीव्हीसी या प्लॅस्टिकची दिशा दाखवली. विजेच्या वायरींवर असतं तेच हे पीव्हीसी. ते तापवायचं, दाबाने फुगवायचं, फुटलं की पुन्हा नवीन घ्यायचं. असं किती संध्याकाळी चाललं असेल! (फुग्याला पुढे नाव मिळालं ते एकट्याचं. मिखाएला आणि मारियाची नावं शोधायला मला बरंच वाचावं लागलं. असो.)

१२ फेब्रुवारी १९७४ रोजी घरी बनवलेला असा फुगा पहिल्यांदा एका माणसाच्या पायाकडे जाणाऱ्या धमनीत फुगवला आणि तो यशस्वी झाला. पण आंद्रिआसची नजर हृदयावर होती. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असतात. तिथे फुगा फुगवला की तेवढा वेळ रक्त बंद. माणूस टेबलावरच दगावला तर? १९७६ साली अमेरिकेत मायामीला हृदयरोगतज्ज्ञांच्या अधिवेशनात त्याने कुत्र्यांवरचे प्रयोग मांडले. हे माणसात होणं शक्य नाही, असंच बहुतेकांचं मत पडलं.

इथे जरा थांबून दुसऱ्या बाजूची गोष्ट सांगायला हवी, म्हणजे बायपासची. रेने फावालोरो हा अर्जेंटिनाचा डॉक्टर. बारा वर्षं एका खेडेगावात त्याने साधी डॉक्टरकी केली आणि मग अमेरिकेत क्लीव्हलंडला येऊन हृदयाचा सर्जन झाला. मे १९६७ मध्ये त्याने ५१ वर्षांच्या एका बाईच्या पायातली शीर काढून हृदयाच्या बंद पडलेल्या वाहिनीला नवा रस्ता करून दिला, आणि तिथून बायपास जगभर पसरली. आपल्या गावाबाहेरून हायवेचा बायपास काढतात ना, अगदी तसंच. गावातला चिंचोळा रस्ता आहे तिथेच राहतो, गाड्या बाहेरून जातात. पुढे पायातल्या शिरेच्या जोडीला छातीच्या आतली एक धमनीही वापरू लागले, ती वर्षानुवर्षं चांगली टिकते. म्हणजे आंद्रिआसचा फुगा आला तेव्हा बायपासला दहा वर्षं झाली होती आणि ती चांगली रुळलेली होती. मग फुग्याची गरजच काय, असं सर्जन लोकांनी विचारलं असतं तर त्यात त्यांचं काय चुकलं असतं?

म्हणूनच झुरिचच्या ओके सेनिंग यांचं मला कौतुक वाटतं. ते तिथल्या हृदयशस्त्रक्रियेचे प्रमुख. शरीरात बसवायचा जगातला पहिला पेसमेकर १९५८ साली त्यांनीच बसवलेला. आंद्रिआसचा फुगा चालला तर त्यांचेच पेशंट कमी होणार होते. तरीही ते त्याच्या पाठीशी उभे राहिले, आणि काही बिघडलं तर ताबडतोब ऑपरेशन करायची तयारी त्यांनी ठेवली.

१६ सप्टेंबर १९७७. पेशंट अडॉल्फ बाखमन, विमा विकणारा माणूस, वय ३८. आंद्रिआसचंही वय ३८च. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणाऱ्या वाहिनीत एकच, छोटासा अडथळा होता. त्याची बायपास व्हायची होती, पण छाती उघडून घ्यायची त्याची इच्छा नव्हती. आंद्रिआसने त्याला नवी पद्धत समजावून सांगितली, ही तुमच्यावरच पहिल्यांदा होणार आहे हेही सांगितलं. पेशंट जागा, सर्जन तयारीत, खोलीत सगळे श्वास रोखून. जांघेतून नळी वर नेली. फुगा एकदा फुगवला, सोडला. दुसऱ्यांदा फुगवला, सोडला. भीती होती तसं काहीही झालं नाही. वाहिनी उघडली, छातीतली कळ गेली. पुढे दहा वर्षांनी आणि पुन्हा २००० साली त्या वाहिनीचे फोटो काढले, तेव्हाही ती जागा उघडीच होती.

त्याच वर्षी पुन्हा मायामीच्याच अधिवेशनात आंद्रिआसने पहिले चार पेशंट मांडले तेव्हा भाषण संपायच्या आतच टाळ्यांचा कडकडाट झाला. मेसन सोन्स हे हृदयाच्या अँजिओग्राफीचे जनक तिथे होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं असं सांगतात.

दुसरा कुणी असता तर एवढ्यावरच हवेत गेला असता. मी पुढचं वाचलं आणि वन्सची आठवण येऊन पोटात कालवलं. १९७९ साली त्याने पहिल्या ५० पेशंटांचा हिशेब छापला. त्यात ३२ जणांत यश आलं होतं, म्हणजे १८ जणांत नाही, हे त्याने लपवलं नाही. पाच जणांची तातडीने बायपास करावी लागली, तेही लिहिलं. एकाच वाहिनीत अडथळा असलेल्यांना ही पद्धत बरी, असं त्याने लिहिलं. बायपासच्या शंभर पेशंटांपैकी जेमतेम दहा-पंधरा जणच फुग्याला योग्य असतील, हा त्याचा स्वतःचा अंदाज. आणि फुगा, बायपास आणि नुसती औषधं यांची रीतसर तुलना व्हायला हवी, अशी मागणीही त्यानेच केली. तिन्ही वाहिन्या बिघडलेल्या, शुगर असलेल्या माझ्या वन्स त्या दहा-पंधरांत कुठे बसत होत्या?

आता तेव्हाचा फुगा आणि आजचा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मान्य. पण पुढच्या काळात तुलना झाल्या त्यातून त्याचा अंदाज अगदीच चुकला नव्हता हे दिसलं.

१९७८ पासून तो शिकवण्यासाठी डॉक्टरांना झुरिचला बोलवायचा आणि टीव्हीवर प्रत्यक्ष चालू असलेली प्रक्रिया दाखवायचा. बिघडलं तर तेही सगळ्यांसमोरच बिघडायचं. झुरिचमध्ये खाटा अपुऱ्या पडायला लागल्या, म्हणून १९८० साली तो अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठात गेला. तिथे पैसा, मान, सगळं मिळालं. मिखाएलाशी संसार मोडला, दुसरं लग्न झालं. विमान स्वतः चालवायचा नाद लागला. २७ ऑक्टोबर १९८५ रोजी वाईट हवेत घरी परतताना जॉर्जिया राज्यात त्याचं विमान कोसळलं. तो आणि त्याची पत्नी मार्गारेट ॲन दोघंही गेले. वय अवघं ४६. डॉटरही त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले होते. (आणि फावालोरो? मायदेशी परतून त्याने गोरगरिबांसाठी संस्था उभारली, ती कर्जात बुडाली, आणि २००० साली त्याने स्वतःला संपवलं. हे वाचून फार वाईट वाटलं.)

आंद्रिआस गेला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८६ साली, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये पहिले स्टेंट बसले. स्टेंट म्हणजे तारेच्या जाळीची बारीक नळी. फुग्याने उघडलेली वाट पुन्हा मिटू नये म्हणून ती आत ठेवतात. पुढे त्यांना औषधाचा लेप आला. २०१७ च्या फेब्रुवारीत आपल्या सरकारने त्यांच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा औषधाच्या स्टेंटची किंमत ३० हजारांच्या आत आली. आमच्याकडे मदतीला येणाऱ्या कितीतरी कुटुंबांना त्यामुळे हायसं वाटलं.

आणि त्याने मागितलेली तुलना? १९८७ साली त्याच्याच एमरी विद्यापीठात ती सुरू झाली, दुसरीकडेही झाल्या. १९९६ साली १८२९ पेशंटांच्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. सगळे पेशंट मिळून पाहिलं तर पाच वर्षांनी जगण्या-मरण्यात फुगा आणि बायपास यांत फारसा फरक नव्हता. फुगेवाल्यांना पुन्हा पुन्हा यावं मात्र लागत होतं, शंभरात ५४ जणांना, तर बायपासवाल्यांत ८ जणांना. पण मधुमेहावर औषध घेणाऱ्यांचा हिशेब वेगळा केला तेव्हा बायपास झालेल्यांपैकी शंभरात ८० पाच वर्षांनी हयात होते आणि फुगा झालेल्यांपैकी ६५. हा साध्या फुग्याचा काळ. मग औषधाचे स्टेंट आले, तर २०१२ साली १९०० मधुमेही पेशंटांच्या अभ्यासात पुन्हा तेच. पाच वर्षांत स्टेंटवाल्यांत शंभरात १६ मृत्यू, बायपासवाल्यांत ११. बायपासची स्वतःची भीती आहेच, लकव्याचा झटका तिच्यात जास्त जणांना आला, पाच जणांना, तर स्टेंटवाल्यांत दोघा-तिघांना.

असं का होतं, ते डॉक्टरबाईंनी फार छान समजावलं. स्टेंट म्हणजे रस्त्यातला एक खड्डा बुजवणं. शुगरवाल्यांचा सगळा रस्ताच उखडत असतो, आज इथे बुजवला तर उद्या चार हात पुढे नवा खड्डा. बायपास तो अख्खा पट्टाच टाळून पुढे जाऊन मिळते, त्यामुळे नंतर मधे पडणाऱ्या खड्ड्यांनीही फारसं बिघडत नाही. मात्र हार्ट ॲटॅक आलेला असेल, वाहिनी अचानक बंद झाली असेल, तर तिथे मिनिटामिनिटाला किंमत. तेव्हा फुग्याला तोड नाही, आंद्रिआसच्या या युक्तीने जगात अगणित जीव वाचलेत. एक-दोन ठिकाणचे साधे अडथळे असतील तरी छाती कशाला उघडायची? आणि त्रास बेताचा, ठरावीक श्रमानंतरच होणारा असेल तर पुष्कळांना नुसत्या औषधांवरही तितकंच आयुष्य मिळतं, हे २००७ आणि २०२० च्या मोठ्या अभ्यासांनी दाखवलंय.

म्हणजे आमच्या त्या बाकावर, ऑपरेशन मोठं की छोटं एवढंच आम्ही बघत होतो. वाहिन्या किती, शुगर आहे का, हृदयाची ताकद किती उरली आहे, हे डॉक्टर सांगत होते आणि आम्ही कानाआड करत होतो. घरच्या पुरुषाची बायपास असती तर लग्न पुढे ढकललं असतं की नाही? मी माझ्याच मनाला विचारलं, उत्तर लगेच आलं.

हे सगळं मी वन्सना सांगितलं. त्या दिवशी मी चुकले, हेही सांगितलं. नऊ-दहा वर्षांत पहिल्यांदा. त्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, जरा वेळाने म्हणाल्या की मुलाचं लग्न डोळ्यांनी बघायचं होतं त्यांना, विचारलं असतं तर कदाचित त्यांनीही फुगाच म्हटलं असतं, पण विचारायला हवं होतं. मग शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली.

मी मोबाइलवर तो मिशाळ फोटो काढून दिला. चश्मा वर करून बराच वेळ बघितला त्यांनी. मग विचारलं, टेबलावर रोज गोंद न् नळ्या पसरलेल्या, तर ही माणसं रात्री जेवायची कुठे?